नागपुरात स्थानिक शेतमाल घेताना या चुका टाळा

आठवडी बाजारात जमिनीवर माल मांडून बसलेला प्रत्येक जण शेतकरीच असतो, असे गृहीत धरणे ही सर्रास होणारी चूक आहे. पहाटे कॉटन मार्केट किंवा कळमना या घाऊक बाजारांतून माल उचलून तो दिवसभर विकणारा किरकोळ विक्रेता काही फसवत नसतो. त्या मालाचे गाव मात्र त्यालाही ठाऊक नसते. शेतकऱ्यापुढे बहुधा त्याच्या शेतात निघालेल्या दोन-तीनच भाज्या असतात. बटाटे, आले, फुलकोबी आणि वांगी एकाच ठिकाणी मांडलेली दिसली, तर माल घाऊक बाजारातून आलेला समजावा. भाव विचारण्याआधी ‘कोणत्या गावचा, तोडा केव्हाचा?’ एवढे अवश्य विचारावे.

संत्र्याच्या बाबतीत रंगावरून फसगत होते. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याची, फळे बाजारात येऊ लागतात, तेव्हा रात्री पुरेशा थंड नसल्याने आतून गोड झालेल्या फळाची सालही हिरवट राहते. ती फळे कच्ची समजून सोडणारा ग्राहक पुढे जानेवारीत गर्द नारिंगी, चकचकीत किन्नू ‘नागपुरी’ म्हणून घरी आणतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. किन्नू हे कॅलिफोर्नियात संकरातून तयार झालेले आणि आपल्याकडे मुख्यतः पंजाब-राजस्थानात पिकणारे फळ आहे. ते चवीला चांगले असले, तरी त्याचा पैसा काटोल-नरखेडच्या बागायतदाराकडे जात नाही. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण हातगाडीवरच्या सुट्या फळावर त्याची खूण नसते; म्हणून एक फळ सोलून पाहावे. नागपुरी संत्र्याची सैल साल अंगठा लावताच सुटते, तर किन्नूची साल घट्ट बसलेली असते आणि बिया भरपूर निघतात. फळ आकाराच्या मानाने हलके लागले, तर फोडी कोरड्या असण्याची शक्यता असते.

‘स्थानिक’ म्हणजे ‘सेंद्रिय’ नव्हे. पाकीटबंद मालावर सेंद्रिय मालाचे अधिकृत चिन्ह (‘जैविक भारत’सारखे) पाहावे आणि सुटा माल विकणाऱ्या शेतकरी गटाकडे पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांनी एकमेकांची शेती तपासून दिलेले सेंद्रिय प्रमाणपत्र मागावे.

सगळे एकाच ठिकाणाहून घेण्याचा हट्टही नडतो. भिवापुरी मिरची आणि वायगावची हळद टिकाऊ असल्याने वर्षाची बेगमी हंगामात थेट शेतकरी गटाकडून करता येते. सांभार (कोथिंबीर), पालक, मेथी मात्र सकाळी घराजवळच घ्यावी. संध्याकाळी भाव उतरतो, पण वरून पाणी मारलेली सांभाराची जुडी ताजीच भासते. ती उलटी करून देठ पाहावेत. कापलेली जागा तपकिरी पडली असेल, तर तोडणीला बराच वेळ झालेला असतो.