मिलच्या झांकीमागची माणसं: पहिली डॉक्युमेंटरी करणाऱ्यांसाठी

इंदूरला अनंत चतुर्दशीची रात्र कुणी झोपून काढत नाही. मिलमजुरांनी सुरू केलेल्या झांक्यांच्या, म्हणजे सजवलेल्या चित्ररथांच्या, मिरवणुकीला आता शंभर वर्षं झाली. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण, एकेक कापड मिल बंद पडली. झांक्या मात्र निघतच राहिल्या. माझी पहिली डॉक्युमेंटरी याच विषयावर होती, आणि तिनं मला जे शिकवलं ते या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्यांना सांगावंसं वाटतं.

त्याआधी मी एका हिंदी दैनिकात बातमीदार होते. आमच्या गावात मराठी घरातून हिंदी पत्रकारितेत जाणं नवं नाही. ‘नई दुनिया’ हे हिंदी दैनिक 1947 साली इथेच सुरू झालं आणि राहुल बारपुते तिथे वर्षानुवर्षं संपादक होते. बातमीनं मला आकडे तपासायला शिकवलं. हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली आणि सुमारे 4,800 कामगारांच्या थकबाकीचा 224 कोटींचा धनादेश डिसेंबर 2023मध्ये निघाला. हे दोन ओळींत मावतं. मधली तीस वर्षं मावत नाहीत. त्यासाठीच मी कॅमेरा घेतला.

साचेखात्यात, म्हणजे मिलच्या मागांच्या विभागात, काम केलेल्या एका काकांकडे पहिल्या दिवशी गेले आणि विचारलं, “मिल बंद झाली तेव्हा कसं वाटलं?” ते म्हणाले, “वाईट वाटलं.” पुढे काहीच नाही. चूक माझी होती. ‘कसं वाटलं’ याचं उत्तर माणसाकडे तयार असतं, शेजाऱ्यांना, नातेवाइकांना दिलेलं. दुसऱ्या भेटीत विचारलं, “त्या दिवशी डबा नेला होतात का?” आणि काका तासभर बोलले. डबा तसाच परत आला होता. काकूंनी काही न विचारता तो उघडून भाजी गरम केली. नव्यांना मी एवढंच सांगते: भावना विचारू नका, त्या दिवसातल्या वस्तू विचारा.

ती मुलाखत मे महिन्यातली. आवाज खराब होईल म्हणून मी पंखा बंद करायला लावला आणि सत्तरीच्या माणसाला घामानं भिजवलं. आज मी तसं करणार नाही. लेपल माइक, म्हणजे कपड्याला अडकवायचा छोटा माइक, शर्टावर तोंडाजवळ लावायचा, पंखा हळू फिरू द्यायचा आणि उठण्याआधी सगळ्यांना गप्प बसवून खोलीचा नुसता आवाज मिनिटभर रेकॉर्ड करायचा. एडिटिंगमध्ये दोन तुकडे जोडताना तो आवाज खाली घातला की सांधा ऐकू येत नाही. चित्र थोडं हललेलं लोक चालवून घेतात, न कळणारं बोलणं चालवून घेत नाहीत. थोडेच पैसे असतील तर आधी माइक घ्या. आणि फुटेज त्याच रात्री दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा, कितीही झोप आली तरी.

त्या दिवशी मुलाखत संपल्यावर पंखा परत लावला. चहा होईपर्यंत मी सहज विचारलं, साच्यावर ताणा, म्हणजे उभा धागा, तुटला की काय करायचे? काकांनी काकूंच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, तोडला आणि दोन टोकं अंगठ्याखाली धरून न बघता गाठ मारली. चिमटीतून ओढून दाखवली. इतकी बारीक की बोटाला लागत नव्हती. मी कॅमेरा परत लावला, ते पुन्हा करून दाखवायला तयार झाले. त्यांच्या हातांनी ते काम तीसेक वर्षं केलेलं नव्हतं.

पहिला कट, म्हणजे फिल्मची पहिली जोडणी, मी आधी काकांनाच दाखवला. हे कुठल्याही फेस्टिवलच्या आधी करावं असं माझं ठाम मत आहे. संमतीपत्रावर सही घेतली म्हणून माणसाचा नको म्हणायचा हक्क संपत नाही. लॅपटॉपवर काकांनी सगळं शांतपणे पाहिलं. मग म्हणाले, “बाळा, सुनेकडून पैसे घेतले ते गाळशील का? तिला वाटेल मी गावाला सांगितलं.” ते वाक्य माझ्या फिल्ममधलं सगळ्यात दमदार वाक्य होतं. काढून टाकलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सुचवली. गाठीचा शॉट मी मधेच कापला होता. “पुरी दाखव ना,” म्हणाले. त्या जागी आता अकरा सेकंद नुसती बोटं आहेत आणि मागे हळू फिरणारा पंखा.