रोड बाइकची चाकं आणि १.८५ मिलिमीटरची चकती

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर मी सायकलची चाकं बदलली, ती ठाण्यातल्या येऊरच्या चढासाठी. उपवन तलाव मागे पडून चढ लागला की माझे पाय भरून यायचे. रविवारच्या आमच्या कंपूत सगळे म्हणायचे, हलकी चाकं घ्या ताई, चढ सोपा होईल. मी चाकं घेतली, आणि दुकानदाराने "चालेल" म्हटलं म्हणून ११-३४ची कॅसेटही, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच, सगळ्यात लहान चक्र ११ दात्यांचं, सगळ्यात मोठं ३४चं. नौपाड्यातल्या घरी रात्री जोडायला बसले, तर कॅसेट धरून ठेवणारं लॉकरिंग पूर्ण आवळलं तरी कॅसेट खुळखुळतच होती. आता वाशीची माझी भाची चाकं घ्यायला निघाली आहे. तिला फोनवर जे सांगितलं ते इथे नीट मांडते.

पैसे देण्याआधी सायकल उलटी करा आणि चाक काढून बघा. रिम ब्रेक असेल तर मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची, रुंदी बहुधा १३० मिमी आणि क्विक रिलीज, म्हणजे लिव्हरने आवळायचा बारीक आस. डिस्क ब्रेकच्या आजच्या रोड बाइकला बहुतेक वेळा १४२ मिमी आणि १२ मिमीचा थ्रू ॲक्सल, म्हणजे हबमधून आरपार जाणारा जाड आस. इथे तडजोड नाही. डिस्क असेल तर रोटर (ब्रेकची धातूची थाळी) सेंटर लॉकचा, म्हणजे मधल्या एका रिंगने बसणारा, की सहा बोल्टचा, हेही पाहून ठेवा. रिम ब्रेकवाल्यांना माझा आग्रह ॲल्युमिनियमच्या रिमचाच आहे. ठाण्याच्या पावसात घोडबंदर रोडवर ओल्या कार्बन रिमवर ब्रेक दाबून थांबायची मला तरी हिंमत नाही.

खरा घोळ होतो फ्रीहबवर, म्हणजे कॅसेट जिथे सरकवून बसवतात त्या खाचांच्या नळकांड्यावर. शिमानो कंपनीचं, स्रॅमचं एक्सडीआर नावाचं आणि कॅम्पॅग्नोलोचं, तिन्हींच्या खाचा वेगळ्या. एकाची कॅसेट दुसऱ्यावर चढत नाही. शिमानोच्या घरातही दोन लांब्या आहेत. ८, ९, १० गिअरच्या (म्हणजे मागे तितक्या चक्रांच्या) जमान्यातलं रोडचं फ्रीहब आखूड, ११ गिअरचं त्याहून १.८५ मिमी लांब. त्यामुळे जुनी ८ किंवा ९ गिअरची कॅसेट नव्या चाकावर घालायची असेल तर तिच्या मागे फ्रीहबवर १.८५ मिमी जाडीची चकती (स्पेसर) आधी घालावी लागते. १० गिअरच्या काही कॅसेटना त्यासोबत १ मिमीची आणखी एक लागते. उलट बाजूने मात्र वाट बंद आहे: ११ गिअरची नेहमीची रोड कॅसेट जुन्या आखूड फ्रीहबवर बसत नाही.

माझी फसगत अपवादात झाली. शिमानोची ११ गिअरची ११-३४ कॅसेट आखूड फ्रीहबच्या मापाने बनवलेली आहे. तिचं सगळ्यात मोठं चक्र आतल्या बाजूला, आऱ्यांवर झुकतं. म्हणून ११ गिअरच्या रोड चाकावर तिलाही तीच १.८५ची चकती हवी. मी ती घातलीच नव्हती. खुळखुळत्या कॅसेटवर चालवत राहिलं तर चक्रांच्या कडा ॲल्युमिनियमच्या फ्रीहबमध्ये रुततात आणि पुढे कॅसेट काढणंही जड जातं.

चकती आणली, कॅसेट घट्ट बसली, तेव्हा पुढचं लक्षात आलं. माझा मागचा डिरेल्युअर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, शिमानोच्या १०५ आर७०००चा, आखूड केजचा (केज म्हणजे चेन ताणून धरणारा त्याचा खालचा भाग). त्यावर एसएस लिहिलेलं असतं आणि त्याची मर्यादा ३० दाते. ३४ दात्यांसाठी लांब केजचा जीएस लागतो. तुमच्या डिरेल्युअरच्या मागचा नंबर वाचा, शिमानोच्या तक्त्यात सगळ्यात मोठ्या चक्राची मर्यादा आणि एकूण क्षमता बघा. क्षमतेचा हिशोब सोपा: पुढच्या दोन चक्रांतला फरक अधिक कॅसेटच्या दोन टोकांतला फरक. पुढे ५०-३४ आणि मागे ११-३४ असेल तर १६ अधिक २३, म्हणजे ३९. मी शेवटी ११-३० घेतली. ती चकतीशिवाय बसते.

आता वजनाचं. माझी नवी चाकं जुन्यांपेक्षा साधारण ३०० ग्रॅमनी हलकी. मी आणि सायकल मिळून ७५ किलो, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पुढे ३४ आणि मागे २८ दाते असताना एका पायडल फेरीत मी सुमारे २.५६ मीटर पुढे जात होते, ३० दात्यांवर २.३९ मीटर. पायावरचा भार साडेसहा टक्क्यांनी उतरला. येऊरला मला तारलं ते कॅसेटने. बजेट तुटपुंजं असेल तर आधी कॅसेट बदला, चाकं पुढच्या दिवाळीला.

जोडताना फ्रीहबवर ग्रीसचा पातळ हात द्या. एक खाच बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते, ती जुळली की चक्रं आपोआप सरकतात. लॉकरिंग ४० न्यूटन मीटरला आवळा. टॉर्क पाना नसेल तर कुणाचा तरी मागून आणा, अंदाजाने सोडू नका. जुनी चेन मापून घ्या. ११ गिअरला ०.५ टक्का ताणली असेल तर नव्या कॅसेटवर जुनी चेन घसरते. पुढच्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रांवर एकाच वेळी चेन पुरते का, तेही हाताने फिरवून पाहा. रिम रुंद असेल तर ब्रेकचे पॅड पुन्हा लावावे लागतात.

शेवटी, घराबाहेर पडण्याआधी, सायकल स्टँडवर ठेवून सगळ्यात मोठ्या चक्रावर गिअर टाका आणि डिरेल्युअर बोटाने आऱ्यांकडे ढकला. नवा हब कॅसेटला केसभर इकडेतिकडे बसवतो, त्यामुळे जुन्या चाकाला बरोबर असलेला एल स्क्रू (डिरेल्युअर आऱ्यांकडे किती जाईल ते ठरवणारा) इथे सैल पडू शकतो. डिरेल्युअर आऱ्यांना टेकत असेल तर तो स्क्रू पाव फेरी आवळा, पुन्हा ढकलून बघा. टेकायचा थांबला की मगच उपवनकडे निघा.