मायक्रोवेव्ह तापून मध्येच बंद पडतो? या चुका टाळा

मध्येच बंद पडलेला मायक्रोवेव्ह अर्ध्या तासाने आपोआप चालू झाला की घरातले निश्चिंत होतात. पण त्याने काहीच दुरुस्त झालेलं नसतं. मॅग्नेट्रॉनजवळ (मायक्रोवेव्ह लहरी तयार करणाऱ्या भागाजवळ) बोटाच्या पेराएवढं एक थर्मल कटआउट बसवलेलं असतं. ठरावीक तापमानाला ते वीज तोडतं, गार झालं की पुन्हा जोडतं. ते कशामुळे तापलं, ते कारण मात्र जागच्या जागी राहतं.

८०० वॉटचा मायक्रोवेव्ह प्लगमधून साधारण १२०० ते १३०० वॉट ओढतो. मधले चारशे-पाचशे वॉट आतच उष्णता होऊन बसतात, आणि ती बाहेर फेकायला आत एक छोटा पंखा असतो. म्हणून पहिला संशय पंख्यावर आणि त्याच्या हवेच्या वाटेवर घ्यायचा.

जागेची चूक

मुंबईतल्या स्वयंपाकघरात जागा मोजकीच. मग मायक्रोवेव्ह जातो फ्रिजच्या डोक्यावर, गॅसच्या शेगडीला खेटून, नाहीतर मॉड्युलर किचनच्या बंद कप्प्यात. बहुतेक मॅन्युअलमध्ये मागे आणि बाजूला १० सेंमी, वर २० सेंमी जागा मोकळी सोडायला सांगितलेली असते. ओट्यावर ठेवायचं मॉडेल तीन बाजूंनी बंद कप्प्यात सरकवलं, की पंखा स्वतःचीच गरम हवा पुन्हा आत ओढतो. सुताराकडून कप्प्याची मागची फळी काढून घेतली आणि पुढे-वर जागा सोडली, तर पुष्कळ यंत्रं तेवढ्यानेच शहाण्यासारखी वागू लागतात.

खाली अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद किंवा प्लॅस्टिकची चादर तळाच्या जाळ्या झाकते. वरचं नक्षीदार कव्हर वापरताना काढून ठेवा. त्यावर डब्यांची चळत तर नकोच.

फोडणीची वाफ आणि रस्त्यावरची, शेजारच्या बांधकामाची धूळ मिळून जाळीवर चिकट थर जमतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा प्लग काढून कोरड्या, मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने जाळ्या साफ करा. झुरळं दिसली म्हणून जाळीतून फवारा मारू नका: औषध सर्किट बोर्डवर पडतं, शिवाय बरेच फवारे ज्वालाग्राही असतात.

वापरातल्या चुका

पापड. एक-एक करून पंधरा पापड लागोपाठ भाजले, तर आत पाणी जवळपास नसतंच. लहरी शोषायला काही नसलं की त्या परत मॅग्नेट्रॉनकडे जातात आणि तोच तापतो. मूठभर शेंगदाणे किंवा कढीपत्त्याची चार पानं यांचंही तेच. तीन-चार पापड एकदम ठेवा, दोन-तीन खेपांनंतर पाच मिनिटं थांबा. रिकामा मायक्रोवेव्ह तर एक मिनिटही चालवू नका.

दुसरी खोड म्हणजे ‘टिंग’ वाजताच भिंतीवरचं बटण बंद करणं. ग्रिल किंवा कन्व्हेक्शननंतर पंखा काही मिनिटं मुद्दाम फिरत राहतो. बटण बंद केलंत तर सगळी धग आत कोंडते. पंखा थांबला की मगच बटण बंद करा. केक झाल्या झाल्या दूध गरम करायला ठेवलं आणि एरर आला, तर दार उघडं ठेवून १०-१५ मिनिटं द्या.

एरर कधी येतो, ते पाहा

कोडचा अर्थ कंपनी आणि मॉडेलप्रमाणे बदलतो, तेव्हा तो आपल्याच मॅन्युअलमध्ये बघा. वेळ मात्र बरंच सांगून जाते. रात्रभर गार पडलेला मायक्रोवेव्ह सकाळी चालू करताक्षणी ‘तापला’ म्हणत असेल, तर बहुधा तो तापलेलाच नाही. तापमानाचा सेन्सर, त्याची वायर किंवा बोर्ड बिघडलेला असतो. पाच-दहा मिनिटांनी बंद पडत असेल, तर गाडी पंख्याकडे.

कपभर पाणी ठेवून एक मिनिट चालवा आणि बाहेरच्या जाळीसमोर पातळ कागदाची पट्टी धरा. पट्टी फडफडली पाहिजे. नुसती घरघर ऐकू येत असेल आणि पट्टी हलत नसेल, तर बहुधा पंख्याचा बुश (ज्यात त्याचा दांडा फिरतो ती कडी) सुकलाय किंवा मोटर अडकलीय. समुद्राजवळच्या खाऱ्या, दमट हवेत गंज लवकर धरतो, हेही लक्षात असू द्या. जळका वास किंवा ठिणगी दिसली तर चाचणी न करता प्लग काढा.

कॅबिनेट मात्र उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) प्लग काढल्यावरही सुमारे २००० व्होल्टचा चार्ज शिल्लक राहू शकतो.

मेकॅनिकने “कटआउट डायरेक्ट करून देतो”, म्हणजे कटआउट वगळून वायर थेट जोडतो, असं म्हटलं, तर साफ नाही म्हणा. डायरेक्ट केलेला मायक्रोवेव्ह बंद पडत नाही, पण मॅग्नेट्रॉन जळेपर्यंत किंवा आत आग लागेपर्यंत त्याला कुणी अडवतही नाही. त्याच रेटिंगचं नवं कटआउट बसवून घ्या, आणि पंखा फिरवून दाखवायला सांगा.

मेकॅनिक जाण्यापूर्वी एक चाचणी करा. एक लिटर पाणी काचेच्या भांड्यात पूर्ण पॉवरवर दोन मिनिटं तापवा, ढवळा, थर्मामीटर लावा. तापमान जितके अंश सेल्सिअस वाढलं त्याला ३५ने गुणलं की खरे वॉट मिळतात. ८०० वॉटच्या यंत्रात वाढ २० ते २३ अंशांच्या आसपास यायला हवी. ती १२-१३वरच थांबत असेल, तर वारंवार तापून मॅग्नेट्रॉन दमलाय असं समजा. अशा वेळी मॅग्नेट्रॉन बदलायचा खर्च विचारून घ्या, मगच पंख्याचे पैसे द्यायचे की नाही ते ठरवा.