रुग्णालयांच्या आकड्यांची तुलना करताना या चुका टाळा

इंदूरच्या रामबाग किंवा राजेंद्रनगरातलं वीस खाटांचं नर्सिंग होम असो की एखाद्या ट्रस्टचं रुग्णालय, महिन्याच्या बैठकीत हल्ली एक तक्ता फिरतोच: सिझर किती, टाके किती जणांचे पिकले, सरासरी बिल किती. स्वच्छतेतल्या पहिल्या नंबराची इंदूरला सवयच जडलेली, त्यामुळे लगेच शेजारच्याशी ताडून पाहिलं जातं. ताडून जरूर पाहावं. पण बरेचसे तक्ते तुलनेच्या आधीच, अंश आणि छेद मांडताना चुकलेले असतात.

सगळ्या बाळंतपणांची एकच टक्केवारी

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सिझरचं प्रमाण सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के आलं. हे वाचून ‘आमचे २८ टक्के म्हणजे उत्तमच’ असा निष्कर्ष निघतो, आणि तिथेच फसगत होते.

समजा, दोन नर्सिंग होम्समध्ये वर्षाला प्रत्येकी ४०० बाळंतपणं होतात. ‘अ’मध्ये १६० सिझर, म्हणजे ४० टक्के. ‘ब’मध्ये ११२, म्हणजे २८ टक्के. ‘ब’ बरं वाटतं ना? आता बायकांचे गट पाडा. कळा आपोआप सुरू झालेल्या, दिवस भरलेल्या, एकच मूल आणि डोकं खाली असलेल्या पहिलटकरणी ‘अ’कडे १०० आल्या, त्यांतल्या १२ जणींचं सिझर झालं. ‘ब’कडे अशा १८० आल्या आणि ४५ जणींचं झालं: १२ टक्क्यांसमोर २५ टक्के. आधी सिझर झालेल्या ‘अ’कडे १२० होत्या (९६ सिझर), ‘ब’कडे फक्त २० (१८ सिझर). म्हणजे या गटातही ‘ब’चंच प्रमाण जास्त: ८० टक्क्यांसमोर ९० टक्के. ‘अ’चा टक्का फुगला तो अवघड केसेस त्यांच्याकडे पाठवल्या जातात म्हणून. ‘ब’ने पहिलटकरणींत ‘अ’इतकंच प्रमाण राखलं असतं, तर वर्षाला साधारण २३ सिझर टळली असती. शिवाय या २३ जणी पुढच्या खेपेला ‘आधी सिझर झालेल्या’ गटात येणार, आणि तिथे पुन्हा ऑपरेशनचीच शक्यता मोठी.

या गटांना रॉबसन वर्गीकरण म्हणतात. गट दहा आहेत आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये त्यांची शिफारस केली. लेबर रूमच्या रजिस्टरात सहा रकाने पुरतात: कितवी खेप, आधी सिझर झालंय का, मुलं किती, मूल कसं आहे (डोकं, पाय की आडवं), किती आठवडे, आणि कळा आपोआप आल्या, आणवल्या की कळांआधीच सिझर झालं. नोंद बरोबर आहे का हे तपासायची सोपी खूण म्हणजे नववा गट, आडव्या मुलांचा. तिथे सिझर १०० टक्के यायला हवं. कमी आलं तर रजिस्टर भरणाऱ्या सिस्टरांबरोबर बसून नोंदी तपासा, डॉक्टरांना नंतर विचारा.

मृत्यूच्या आकड्यालाही हेच लागू. माळवा-निमाडातून गंभीर रुग्ण शेवटी एमवायला, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, येतात. तिथला कच्चा मृत्युदर छोट्या नर्सिंग होमशेजारी मांडण्यात अर्थ नाही.

शोधलंच नाही, म्हणून संसर्ग शून्य

ऑपरेशनच्या जागेचा संसर्ग ३० दिवसांपर्यंत मोजायचा असतो, गुडघ्यासारखं इम्प्लांट असेल तर ९० दिवस. रुग्ण मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी खरगोन किंवा झाबुआला घरी जातो. जखम वाहू लागली की गावातल्याच डॉक्टरांकडे ड्रेसिंग करून घेतो. तुमच्या रजिस्टरात तो ‘बरा’ असतो. मग जे रुग्णालय फोन करून विचारतं, त्याचाच आकडा वाईट दिसतो.

डिस्चार्जनंतर सातव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी फोन करा. प्रश्न ठरलेले ठेवा: पू आला का, टाके उघडावे लागले का, नवं अँटिबायोटिक सुरू झालं का. फोन किती जणांना लागला हेही तक्त्यात लिहा. दोन रुग्णालयांत हे प्रमाण ९० आणि ४० टक्के असेल, तर त्यांच्या संसर्गाची तुलना करूच नका.

सोबत प्रक्रियाही मोजा. चीर देण्याआधीच्या ६० मिनिटांत अँटिबायोटिक दिलं का, हे भूलतज्ज्ञांच्या नोंदीत सापडतं. ते पुढे पाच-सात दिवस चालू ठेवायची सवय खर्चिक आहे. स्वच्छ ऑपरेशननंतर त्याचा उपयोग नाही.

छोट्या संख्येवरून निकाल

आठ खाटांच्या आयसीयूत रोज सरासरी सहा जणांना लघवीचा कॅथेटर असेल, तर महिन्याला १८० कॅथेटर-दिवस भरतात. एक संसर्ग झाला की हजार कॅथेटर-दिवसांमागे दर ५.६ होतो, पुढच्या महिन्यात शून्य. यावर कुणाला शाबासकी देऊ नका, कुणाला झापूही नका. बारा महिन्यांची बेरीज धरा. ‘साठ ऑपरेशनं, एकही मृत्यू नाही’ यावरूनही फार काही ठरत नाही: एकही घटना नसेल तर तीनला एकूण संख्येने भागायचं, हा ढोबळ नियम. तीन भागिले साठ, म्हणजे खरा दर ५ टक्क्यांपर्यंतही असू शकतो.

तक्ता म्हणजे शिक्षा

न्यूयॉर्क राज्याने १९९० पासून बायपासनंतरचे मृत्युदर, रुग्णांची जोखीम हिशेबात धरून, प्रसिद्ध केले. मृत्यू घटले. पण अवघड रुग्ण टाळले जातात अशी तक्रारही झाली, आणि कागदावरचे जोखमीचे आजार एकाएकी वाढले. नावानिशी तक्ता भिंतीवर लावला की इथेही तेच होईल. जोखमीच्या रकान्यांतल्या नोंदी दर तिमाहीला वीस केसपेपरशी पडताळा.

बिलाची सरासरी

पित्ताशयाच्या दहा ऑपरेशनांपैकी नऊ बिलं ४५ हजारांची आणि एक साडेचार लाखांचं असेल, तर सरासरी ८५,५०० निघते. असं बिल प्रत्यक्षात कुणाचंच नाही. त्याऐवजी मधलं बिल (बिलं चढत्या क्रमाने लावल्यावर मध्यावर येणारं) घ्या आणि ते साडेचार लाखांचं स्वतंत्र उघडून पाहा. तुलना एकाच दर्जाच्या खोलीची करा, कारण खोली बदलली की सर्जनची फीही बदलते. स्टेंटची किंमत २०१७ पासून सरकारने बांधली आहे, तेव्हा अँजिओप्लास्टीचं पूर्ण बिल ताडा, एकट्या स्टेंटची ओळ नको.

आणि बिल डिस्चार्जला थांबवू नका. आयुष्मानच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरलेले असतात. त्यात टाके पिकून रुग्ण परतला, तर ड्रेसिंग आणि औषधं रुग्णालयाच्याच खिशातून जातात. म्हणून ३० दिवसांत पुन्हा दाखल झालेल्यांचा खर्च पहिल्या बिलातच मिळवा. बिलिंगवाल्यांना दोन्ही वेळच्या भरतीचा यूएचआयडी (रुग्णालयाने दिलेला रुग्ण-क्रमांक) जुळवायला सांगितलं, की हा रकाना संगणकातून निघतो.