एफपीजीए बोर्ड मिळेल त्या चिपवर नव्याने काढताय? या चुका टाळा

जुन्या बोर्डवरची एफपीजीए (आतलं सर्किट आपण हवं तसं प्रोग्राम करतो ती चिप) मिळत नाही किंवा परवडत नाही, म्हणून दुसऱ्या चिपवर तोच बोर्ड नव्याने काढायचा, हे काम नागपुरात बरेच विद्यार्थी आता घरी करतात. चांगलंच आहे. पण तेच बिघाड परत परत माझ्या टेबलावर येतात, आणि त्यातले बहुतेक "आज रात्री बोर्डची ऑर्डर टाकायचीच" या घाईतून आलेले असतात.

पिना तेवढ्याच म्हणून फूटप्रिंट, म्हणजे चिप बसवायच्या बोर्डवरच्या पॅडची मांडणीही तीच, ही यातली सगळ्यात महागडी चूक. इथल्याच एका कॉलेजच्या गटाचा स्पार्टन-६ या एफपीजीएवरचा, १४४ पिनांच्या चिपचा बोर्ड होता. त्यांना सायक्लोन-४ या दुसऱ्या कुटुंबातली ईपी४सीई६ई२२ सहज मिळाली. तिच्याही पिना १४४, दोन पिनांमधलं अंतरही तेच, ०.५ मिमी. सर्किट बदललं, फूटप्रिंट जुनाच ठेवला. सोल्डरिंग सुंदर झालं होतं, भिंगाखाली एकही पिन शेजारणीला चिकटलेली नव्हती. तरी प्रोग्रामरला चिप कधी दिसायची, कधी नाही. एलईडी लुकलुकायचा, पण एसडीरॅम ही मेमरी वापरणारं डिझाइन टाकलं की सगळं बंद. त्यांनी केबल बदलल्या, ड्रायव्हर पुन्हा टाकले, लॅपटॉपसुद्धा बदलला.

मी हॉट एअरने चिप उचलून उलटी केली. पोटाखाली चौकोनी पॅड, कोरा करकरीत, सोल्डरचा कणही न लागलेला. बोर्डवर त्या जागी हिरवा मास्क (सोल्डर चिकटू न देणारा थर) आणि त्याखालून गेलेले ट्रॅक. हा पॅड उष्णता काढायला दिलेला नाही, ती ग्राउंडची जोडणी आहे आणि ती करावीच लागते. हे डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं, फक्त शेवटच्या पानांपर्यंत कोणी जात नाही. ते बोर्ड वाया गेले. आइस४० यूपी५के ही छोटी एफपीजीए ४८ पिनांच्या पॅकेजमध्ये घेतलीत तर तिथे ग्राउंड म्हणून पोटाखालचा पॅड तेवढाच असतो.

हाताने सोल्डर करणार असाल तर पॅडच्या मधोमध मोठं प्लेटेड भोक ठेवा आणि मागून सोल्डर भरा. मी प्रत्येक वेळी हेच करतो. शिवाय ऑर्डर देण्याआधी लेआउट कागदावर शंभर टक्के मापात छापून खरे पार्ट त्यावर ठेवून बघतो. ८ पिनांची फ्लॅश मेमरी १५० मिल आणि २०८ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अशा दोन रुंदींत येते, हे कागदावर लगेच कळतं. पार्ट हातात नसेल तर मी लेआउट सुरूच करत नाही.

दुसरी चूक पॉवरची. स्पार्टन-६ चा बोर्ड ३.३ आणि १.२ व्होल्टवर भागतो, सायक्लोन-४ ला व्हीसीसीए या पॉवरच्या पिनांसाठी २.५ व्होल्टही लागतात. मग बर्डीच्या बाजारात सहज मिळतो म्हणून १११७ रेग्युलेटर ३.३ वरून २.५ काढायला लावतात. त्याला आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या व्होल्टेजमध्ये साधारण एक व्होल्टहून जास्त फरक लागतो, इथे ०.८ च उरतो. आणि तोच ५ वरून थेट १.२ ला लावला तर ३०० मिलिअँपिअरला १.१४ वॉट नुसते तापण्यात जातात. मे महिन्यात खोलीच चाळिशीला असते, त्यात हा हट्ट कशाला? १.२ साठी छोटा बक कन्व्हर्टर (फारसा न तापता व्होल्टेज उतरवणारं सर्किट) लावा.

पिनांची वाटणी कागदावर ठरवू नका. लेआउटआधी क्वार्टसमध्ये, म्हणजे सायक्लोनच्या सॉफ्टवेअरमध्ये, सगळ्या पिना नेमून रिकामं डिझाइन कंपाइल करा. सायक्लोन-४ च्या क्लॉक पिना फक्त इनपुट असतात, त्यावर एलईडी लावलात तर टूल तिथेच अडवतं.

दोन पायांचा क्रिस्टल थेट एफपीजीएला जोडू नका, चार पायांचा ऑसिलेटर घ्या.

स्वस्त मिळाली म्हणून स्पार्टन-६ घेणाऱ्यांनी लक्षात घ्या, व्हिवाडो हे त्याच कंपनीचं नवं सॉफ्टवेअर तिला चालवत नाही. २०१३ च्या आयएसई १४.७ या जुन्या सॉफ्टवेअरवरच राहावं लागेल.

पावसाळ्यात उघड्या पाकिटातल्या चिपा तशाच हॉट एअरखाली धरू नका, आधी बेक करून त्यांतली ओल घालवा.

बोर्ड आला की सगळं एकदम बसवायचा मोहही टाळा. आधी फक्त रेग्युलेटर बसवा, तिन्ही व्होल्टेज मीटरने मोजा, थोडा लोड देऊन पुन्हा मोजा. आकडे बरोबर आले तरच एफपीजीएचं पाकीट फोडा.