पंचवीसेक वर्षांनी परत मॉडेल कार करायला बसताय? मग पहिली गाडी वाया घालवायच्या तयारीनं बसा

दिवाळीच्या सफाईत टांडावरून एक खोका निघाला. आत माझा दहावीच्या सुट्टीत अर्धवट सोडलेला किट, म्हणजे प्लास्टिकचे सुटे पार्ट जोडून गाडी करायचा संच, बॉडीवर ब्रशनं थापलेला लाल इनॅमल रंग आणि छतावर माझ्याच बोटाचा ठसा. आई म्हणाली भंगारवाल्याला देऊन टाकू का, मी म्हटलं थांब जरा, आणि तिथून हे सगळं परत सुरू झालं. आता दोन वर्षांत सहा गाड्या झाल्यात, त्यातल्या पहिल्या दोन कोणाला दाखवण्यासारख्या नाहीत, म्हणूनच हे लिहितोय.

आधी जुना खोका तपासा

तुमच्याकडेही असा किट पडलेला असेल तर सगळ्यात आधी टायर बघा. हे टायर मऊ व्हिनाइलचे असतात, त्यांना मऊ ठेवणारं केमिकल वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतं आणि शेजारच्या कडक प्लास्टिकला खातं. माझे टायर बॉडीच्या दाराला टेकून पडले होते, दारावर टायरच्या नक्षीचा मस्त खड्डा. टायर काढून वेगळ्या पिशवीत टाका, नवीन किट आणला तरी हेच पहिलं काम. डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून बसवायचे छापील स्टिकर, पिवळे पडले असतील तर फेकू नका, झिपच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवून ठेवा, काही दिवसांत बराच पिवळेपणा जातो. जुने रंग मात्र सरळ टाकून द्या, कंजूषी करू नका.

पहिला किट कुठला घ्यायचा

इथेच सगळे चुकतात, मीपण चुकलो. आता हातात पैसे आहेत म्हणून लहानपणी जो परवडला नव्हता तोच किट मागवतो, इंजिन बिंजिन सगळं असलेला, शंभरावर पार्ट. तो मागवायचा असेल तर मागवा पण उघडू नका. पहिल्या गाडीवर आपण फक्त हात परत बसवणार आहोत, ती बिघडली तर वाईट वाटायला नको.

आओशिमा या जपानी कंपनीचे १/३२ चे, म्हणजे खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या भागाएवढे, नुसते दाबून बसवायचे स्नॅप किट येतात, रंगीत प्लास्टिकचे, गोंद नको रंग नको, त्यात सुझुकी जिम्नी आहे. दोन संध्याकाळीत होते. लोक याला पोरांचं खेळणं म्हणतात, म्हणू देत, निपर, म्हणजे पार्ट कापायची छोटी पक्कड, कशी धरायची तेवढं हाताला आठवलं की पैसे वसूल. त्यानंतर १/२४ चा एखादा साधा किट घ्या. मी तामिया या जपानी कंपनीची १९६६ ची फोक्सवॅगन बीटल घेतली. १/२४ म्हणजे केवढी, तर आपली मारुती ८०० या मापात जेमतेम चौदा सेंटीमीटर होईल. अमेरिकन कंपन्यांचे किट बरेचदा १/२५ असतात, दोन्ही शेजारी ठेवले तर फरक फारसा कळत नाही, पण त्यातले बरेच जुन्या साच्यांतून परत काढलेले असतात, घासकाम जास्त पडतं. ते नंतर.

सामान

किट आणि रंग ऑनलाइनच मागवावे लागतात. बाकीचं आमच्या इंदुरात मिळतं. सियागंजात हार्डवेअरवाल्याकडे पाण्याचा पॉलिश पेपर घ्या, ४००, ८००, १०००, १५००, २००० नंबरचा. तिथे पॉलिश पेपर म्हटलं की दुकानदार बघत बसतो, रेगमाल म्हणा. खजुरी बाजारात कटर, बारीक ब्रश आणि कटिंग मॅट. पार्ट प्लास्टिकच्या जाळीला जोडलेले येतात, त्यावरून ते कापायला चांगला निपर मात्र घ्याच, नेलकटरनं कापलं तर पांढरा डाग उमटतो. आणि पार्टला चिकटून कापू नका, आधी थोडं लांबून, मग दुसऱ्यांदा जवळून, उरलेला खुंट कटरनं आणि रेगमालनं. आणि हो, चाळिशी ओलांडली असेल तर जवळचा चष्मा आणि एक टेबल लॅम्प, यात लाज कसली.

गोंदाचं थोडक्यात. प्लास्टिकचा सिमेंट चिकटवत नाही, तो दोन्हीकडचं पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, विरघळवून एकजीव करतो, म्हणून रंग किंवा क्रोम असेल तिथे धरत नाही, आधी खरवडून काढा. पातळ सिमेंट असेल तर पार्ट जोडून धरायचे आणि फटीला ब्रश नुसता टेकवायचा, आत आपोआप ओढला जातो. गाडीच्या काचांना, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पार्टना, ना सिमेंट ना फेविक्विक, फेविक्विकच्या वाफेनं काच धुरकट होते. साधं पांढरं फेविकॉल लावा, वाळलं की दिसतही नाही.

बॉडी, म्हणजे खरं काम

इन्स्ट्रक्शनमध्ये इंजिन किंवा चॅसीपासून, म्हणजे खालच्या सांगाड्यापासून, सुरुवात असते, ते बाजूला ठेवा आणि बॉडी आधी घ्या, कारण तिला वाळायला दिवस लागतात, तोवर बाकीचं होतं.

बॉडी उजेडात तिरकी धरा. बोनेटच्या कडेनं, फेंडरवरून, छताच्या खांबांवरून एक बारीक उभारलेली रेघ दिसेल, साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथली. ती खऱ्या गाडीवर नसते. कटरची पाठ हलकी फिरवून खरवडा, मग ८०० आणि १०००. ही रेघ राहिली तर वर कितीही चकाचक रंग मारा, गाडी खेळण्यासारखीच दिसते. मग भांड्याच्या साबणानं कोमट पाण्यात धुवा, साच्याचं तेल आणि आपल्या हातचं पोह्यांचं तेल दोन्ही जायला हवं, आणि पुसायचं नाही, तशीच वाळू द्यायची.

त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर. प्रायमर मारल्यावर जे ओरखडे दिसतील ते घासा, परत मारा. किटचं प्लास्टिक लाल असेल आणि वर पांढरा किंवा पिवळा मारायचा असेल तर सावध राहा, लाल रंग खालून वर फुटतो, आधी चंदेरीचा थर द्या.

आता स्प्रे कॅन. तामियाच्या कॅनवर टीएस लिहिलंय की पीएस ते नीट वाचा. टीएस आपल्यासाठी. पीएस रिमोटच्या गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी असतो, आपल्या प्लास्टिकवर मारायचा नाही. मी घाईत पीएस मागवला, अख्खा कॅन अजून पडून आहे. गाड्यांच्या टचअपचा स्प्रे स्वस्त पडतो पण त्यातला थिनर कडक असतो, उघड्या प्लास्टिकवर ओला मारला तर पृष्ठभाग खातो, म्हणून प्रायमर आणि अगदी कोरडे हलके हात, म्हणजे पातळ थर, याशिवाय नको.

हवामानाचं तर वेगळंच प्रकरण आहे. जुलै-ऑगस्टात आपल्याकडे हवा दमट असते, लॅकरमधला, म्हणजे टीएससारख्या झटपट वाळणाऱ्या रंगातला, थिनर उडताना पृष्ठभाग गार करतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि काळा रंग राखेसारखा पांढुरका दिसायला लागतो. झालंच तर घासाघाशी करू नका, कोरड्या दिवशी क्लिअरचा, म्हणजे बिनरंगी चमकदार स्प्रेचा, हलका हात दिला की बरेचदा उतरतं. मे महिन्यात उलटं, दुपारी गच्चीवर मारलं तर रंग हवेतच वाळून बॉडीवर पावडर होऊन बसतो, हात फिरवला की रेगमाल. म्हणून उन्हाळ्यात पोहे-जिलबी आणायला निघायच्या आधी, सकाळी सातच्या आत स्प्रे उरकायचा आणि कॅन उन्हात ठेवायचा नाही. डिसेंबरच्या थंडीत कॅन पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, कोमट म्हणजे कोमट, गॅसवर बिलकुल नाही.

मारायची पद्धत अशी की पंधरा-वीस सेंटीमीटरवरून, नोझल गाडीच्या बाहेर दाबायचं, गाडीवरून सरळ न्यायचं, पलीकडे जाऊन सोडायचं. पहिला हात नुसता शिंतोड्यासारखा, खालचा प्रायमर दिसलाच पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा. शेवटचा थोडा ओला. एकदाच झाकून टाकावं असा मोह होतो, मग दाराच्या खाली ओघळ आलाच म्हणून समजा. सगळ्यात आधी कशावर तरी हात साफ करा. माझी ती दहावीतली लाल बॉडी याच कामाला आहे, आतापर्यंत तिच्यावर अकरा रंग बसलेत, आणि आई अजून भंगारवाल्याचं विचारते.

मास्क कार्ट्रिजवाला घ्या, कापडी मास्क धूळ अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही.

माझ्या बीटलला मी केशरी-काळा दुरंगी रंग दिला. इंदूरच्या महाराज यशवंतराव होळकरांची १९३५ ची ड्युसेनबर्ग ही अमेरिकन गाडी, लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बनवलेली, ती केशरी-काळीच. बीटलला शोभतं का? बायको म्हणते रिक्षा वाटते. असो. दोन रंगांत आधी फिका मग गडद, खालचा रंग पूर्ण वाळल्यावर टेप. वाळला का ते नाकानं ठरवा, बॉडीला वास येतोय तोवर टेप नाही. हार्डवेअरची मास्किंग टेप फार चिकट असते, आधी हातावर दोनदा लावून काढा. कड नखानं दाबा आणि दुसरा रंग हलका मारा, टेप लगेच अलगद, तिरकी ओढून काढा.

डेकल पाण्यात बुडवून, सरकवून बसवायचे, एक रात्र वाळू द्यायचे, मग टीएस-१३ क्लिअर, पहिले दोन हात अगदी कोरडे कारण ओला क्लिअर डेकलला सुरकुत्या पाडतो. आठवडाभर थांबा. मग पाणी लावून २००० नंबरचा रेगमाल, वर कंपाऊंड, म्हणजे घासायची बारीक पेस्ट, वर पॉलिश. कडांना आणि उंचवट्यांना घासू नका, तिथे रंग सगळ्यात पातळ असतो, मी बोनेटच्या कडेला आरपार प्लास्टिक काढलंय.

बाकीचं

आतल्या सीट, डॅशबोर्ड ब्रशनं आणि मॅट रंगानं करा, चमकदार सीट बघायला विचित्र वाटतात. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग रेगमालवर फिरवा, नवा चकचकीतपणा जाऊन वापरलेला दिसतो. दारांच्या खाचांत पातळ केलेला काळा इनॅमल सोडा, लॅकरच्या पूर्ण वाळलेल्या थरावरच. चॅसीवर बॉडी बसवताना जोर लागला तर थांबा, कुठला तरी पार्ट आत वाकडा बसलाय, दाबलं तर खांब तुटतो.

झालेली गाडी उघडी ठेवलीत तर आठवड्यात धूळ. मिठाईचा पारदर्शक चौकोनी डबा उलटा घालून बघा, १/२४ बरोब्बर मावते. फक्त डब्याच्या प्लास्टिकच्या झाकणावर गाडी थेट उभी करू नका, टायर तिथेही चिकटून डाग पाडतील, खाली काचेचा तुकडा ठेवा.