सहकारी नशेच्या औषधांच्या आहारी गेल्याचा संशय आला, तर कसे आणि कोणाला कळवावे

शस्त्रक्रियागृहात काम करणाऱ्यांच्या हाताशी फेंटानिल, मॉर्फीन, केटामीन, पेंटाझोसीन ही भुलीची आणि वेदना थांबवणारी, पण नशाही आणणारी औषधे रोजच असतात, त्यामुळे तिथल्या माणसाला व्यसन लागले तर माल आणायला बाहेर जावे लागत नाही. हे सगळ्यात आधी लक्षात येते ते बरोबरच्या निवासी डॉक्टरांच्या, सिस्टरांच्या आणि तंत्रज्ञांच्या. वरिष्ठांना बहुधा शेवटी कळते. कळवण्याची जबाबदारी म्हणूनच बरोबरच्यांवर येते.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतील कलम १.७ प्रमाणे व्यवसायबंधूंचे अकार्यक्षम, भ्रष्ट, अप्रामाणिक किंवा अनैतिक वर्तन कोणाची भीडभाड न ठेवता उघड करणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. मात्र या कलमात नशेचा वेगळा उल्लेख नाही आणि कळवण्याची रीतही दिलेली नाही. ऑस्ट्रेलियात सहकारी नशेत रुग्ण तपासत असल्याची रास्त खात्री झाली, तर ते नियामक संस्थेला कळवणे नोंदणीकृत आरोग्य व्यावसायिकांना २०१० पासून कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्याकडे ती वाट ज्याची त्याला शोधावी लागते.

पहिले काम म्हणजे नोंद ठेवणे. दोन मिलिलिटरच्या एका अँप्यूलमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या कुपीत, १०० मायक्रोग्रॅम फेंटानिल असते. भुलीच्या कागदावर अख्खे अँप्यूल दिल्याचे लिहिलेले आहे आणि शस्त्रक्रियेनंतर रिकव्हरीच्या खोलीत आलेला रुग्ण मात्र वेदनेने तळमळतो आहे, असे एकदा घडले तर त्याला दहा कारणे असू शकतात. एकाच डॉक्टरच्या केसेसमध्ये ते वारंवार घडू लागले, तर तारीख, वेळ, केस आणि रजिस्टरचे पान टिपून ठेवावे. उरलेले औषध टाकून दिल्याची दुसरी सही ज्याने ते टाकताना पाहिले त्यानेच करायची असते. ‘सिस्टर, एवढी सही करून टाका ना, केस सुरू व्हायची आहे’ असे रोज ऐकू येऊ लागले, तर ती सही नाकारावी आणि नाकारल्याचीही नोंद ठेवावी. स्वतःची नसलेली केस मागून घेणे, सुट्टीच्या दिवशीही शस्त्रक्रियागृहात घुटमळणे, केस चालू असताना पुन्हा पुन्हा बाथरूमला जाणे, उकाड्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालणे, यांतल्या एकट्यादुकट्या गोष्टीवरून काहीच सिद्ध होत नाही. कळवणाऱ्याने रोगनिदान करू नये. ‘डॉक्टर व्यसनी आहेत’ हे वाक्य अर्जात नसलेलेच बरे. अर्जात फक्त जे पाहिले ते यावे.

सहकारी भुलीच्या गुंगीत किंवा नशेत असून रुग्ण टेबलावर असेल, तर नोंदी जमवत बसण्याचा प्रश्नच येत नाही. त्याच क्षणी दुसऱ्या भूलतज्ज्ञाला बोलावून रुग्ण त्याच्या ताब्यात द्यावा आणि विभागप्रमुखांना फोन करावा. इतर वेळी विभागप्रमुखांना आणि रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांना किंवा वैद्यकीय अधीक्षकांना लेखी कळवून पोच घ्यावी. विभागप्रमुखच गुंतलेले असतील, तर त्यांना वगळून थेट वर जावे. तिथे दाद लागली नाही तर डॉक्टरबाबत महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे आणि परिचारिकेबाबत महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे तक्रार करता येते. अंमली औषधांचा साठाच कमी भरत असेल, तर तो हिशेब १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याखाली येतो. तो आपसांत मिटवून टाकण्याचा मोह प्रशासनाला नेहमीच होतो, आणि तसे झाले तर पुढे सही करणारी सिस्टरच अडकते.

आता सर्वांत नाजूक भाग. ‘त्याचे करिअर बरबाद होईल’ म्हणून लोक गप्प बसतात आणि एक दिवस तो बाथरूममध्ये हातात सुई असतानाच सापडतो. फेंटानिलचा डोस जरा चुकला तरी श्वास थांबतो. आपल्याविषयी कळवले गेले आहे हे त्याला समजते तो दिवस आत्महत्येच्या दृष्टीनेही सर्वांत धोक्याचा असतो. म्हणून त्याला एकट्याने गाठून जाब विचारू नये. विभागप्रमुख, एक मनोविकारतज्ज्ञ आणि त्याच्या विश्वासातले कोणीतरी अशांनी मिळून, नोंदी समोर ठेवून बोलावे, त्याच बैठकीत त्याची ड्यूटी थांबवावी आणि उपचाराची जागा आधीच ठरवून ठेवावी. बैठक संपल्यावर त्याला होस्टेलच्या खोलीवर एकटे सोडू नये; घरच्यांच्या किंवा मित्राच्या सोबतीने दाखल करेपर्यंत कोणीतरी बरोबर राहावे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही चालतो.

कायदा इथे वाटतो तितका निर्दय नाही. अंमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४अ प्रमाणे, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्हा असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर तिच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालवता येत नाही. मात्र उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. ही माहिती त्याला पहिल्याच बैठकीत द्यावी, कारण पुष्कळदा ‘आता तुरुंगच’ या भीतीपोटीच माणूस सगळे नाकारत राहतो.

तक्रार केल्यावर त्याविषयी कॅन्टीनमध्ये बोलू नये; चौकशी करणाऱ्यांपलीकडे ते नाव कोणाच्या कानावर जाण्याचे कारण नाही. उपचारांनंतर तो परतला तर कामाला घ्यावे, पण काही काळ लघवीची अचानक तपासणी चालू ठेवावी, रात्रपाळी एकट्याला देऊ नये आणि औषधांच्या कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे असावी.